वसईचा कडा

वसईला समुद्र आहे, खाडी आहे, केळीच्या बागा आहेत, देवळं आहेत, चर्चेस आहेत, भांडायला कोर्टसुद्धा आहे. कडा मात्र नाही. किनारा सपाट. भरतीला पाणी चालत येतं आणि ओहोटीला चिखल मागे ठेवून चालत जातं. पण ही गोष्ट आमच्या हेडमास्तरांना मान्य नव्हती. त्यांच्या पुस्तकात कडा होता, तेव्हा वसईलाही कडा असणं भाग होतं. म्हणून त्यांनी किल्ल्याच्या समुद्राकडच्या तटाची कडा म्हणून नेमणूक करून टाकली. हंगामी नव्हे, कायम. माझी स्वतःची नेमणूक त्या वेळी हंगामी होती, त्यामुळे हा फरक माझ्या चांगला लक्षात राहिला आहे.

मी घाटावरचा माणूस. वसईच्या त्या शाळेत गणित शिकवायला लागलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. लागल्यावर पहिल्याच शनिवारी शिपाई सूचनांची वही घेऊन वर्गात आला. वहीत वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘उद्या सकाळी सात वाजता सर्व शिक्षकांनी कड्यावर जमावे. गरम कपडे घालावेत. ज्यांना खोकला आहे त्यांनी तो घरी ठेवून यावे.’ मी सही केली आणि मधल्या सुट्टीत इनास मास्तरांना विचारलं, “कडा कुठे आहे हो?”

इनास मास्तर भूगोल शिकवत. वसईतल्याच एका वाडीतले, बागायतदार ख्रिस्ती घरातले, आणि स्वभावाने इतके मवाळ की नकाशावर नद्यासुद्धा हळूच काढत. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग म्हणाले, “किल्ल्याचा तट. पण तट म्हणू नका. मागच्या वर्षी ड्रॉइंगचे मास्तर तट म्हणाले, त्यांची रजा अजून मंजूर व्हायची आहे.”

“पण तुम्ही भूगोल शिकवता!”

“शिकवतो. सोमवार ते शनिवार.”

रविवारी मी गेलो. हेडमास्तर सर आधीच हजर होते. धोतर, त्यावर काळा कोट, पायांत कॅनव्हासचे बूट, कानांत कापसाचे बोळे, त्यावरून डोकं आणि हनुवटी बांधून टाकणारा तपकिरी मफलर. दिवाळीच्या पाडव्याला हा मफलर चढे तो होळीलाच उतरे. वसईची थंडी ती काय? पहाटे घटकाभर अंगावर काटा येतो आणि नऊ वाजता घाम. पण पुस्तकात हिवाळ्याच्या फेरीला गरम कपडे सांगितले होते, म्हणून सर घाम पुसत पुसत थंडी वाजवून घेत. गळ्यात दुर्बीण, बगलेत छत्री, हातात नोंदवही. आमची रांग लावली गेली, नोकरीच्या ज्येष्ठतेप्रमाणे. मी अर्थातच शेवटी.

या फेरीचं नाव होतं ‘निसर्गफेरी’ आणि तिचा पहिला नियम मौन हा होता. शिंकायचं नाही, पाय घासायचा नाही, पाचोळा वाजवायचा नाही. हा नियम आमच्यासाठी; बोलायचं ते सगळं सर स्वतः बोलत. ते तटावरून चालता चालता खणखणीत आवाजात प्रत्येक पक्ष्याची माहिती सांगत आणि ती संपेपर्यंत पक्षी खाडी ओलांडून गेलेला असे. मग ते आमच्याकडे वळून विचारत, “कोण खोकलं?” कोणी तरी खोकल्याचं कबूल केल्याशिवाय फेरी पुढे सरकत नसे. ड्रिलच्या मास्तरांनी हे काम बहुतेक वेळा पत्करलं.

त्या पुस्तकाबद्दल सांगायला हवं. मीठ खात्यात एक गोरा साहेब होता. स्वातंत्र्यानंतर तो मायदेशी गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. लोकांनी खुर्च्या घेतल्या, पंखा घेतला, कोणी बाथटब घेऊन त्यात म्हशीला पाणी पाजू लागला. सरांनी दुर्बीण आणि एक जाडजूड सचित्र पुस्तक घेतलं. पुस्तक समुद्रकाठच्या पक्ष्यांचं होतं यात शंका नाही. फक्त तो समुद्र साहेबाच्या देशातला होता. बर्फ, काळे कडे, त्यांवर हजारोंनी बसलेले पांढरे पक्षी, अशी चित्रं होती. मागे नकाशाही होता. त्यात हिंदुस्थान दूरच राहिला, उन्हाने तापलेलं एकही ठिकाण नव्हतं.

नवखेपणी मी एकदा हे बोलून दाखवलं. म्हणालो, “सर, या पुस्तकात आपल्या बाजूचा उल्लेख दिसत नाही.”

सरांनी मफलर थोडा सैल केला, म्हणजे मला नीट ऐकू जावं म्हणून. “पक्षी नकाशा वाचतात का?”

“नाही, सर.”

“मग तुम्ही तरी कशाला वाचता?”

इनास मास्तरांनी मागून माझा सदरा ओढला. त्यानंतर मी नकाशाचं नाव काढलं नाही.

तर सर त्या पुस्तकातले पक्षी वसईच्या किनाऱ्यावर पाहत असत. सरळ साधा बगळा त्यांना कधी दिसला नाही. जे दिसे ते पुस्तकातल्या चित्राशी जुळवून, त्याला स्वतःचं भारदस्त संस्कृत नाव देऊन नोंदवहीत जाई. आमच्या घरावरून रोज उडणारी घार ‘उत्तरश्येन’ झाली होती. चिखलात चोच खुपसून धावणारे तुतवार ‘हिमपाद’ झाले होते. आणि या सगळ्यांच्या वर, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तो होता ‘सागरशुक’. पोपटासारखी रंगीत चोच, पाठ काळी, पोट पांढरं, आणि चाल ताठ. हा पक्षी कड्यावरच राहतो, आणि हिवाळ्यात वादळ सुटलं म्हणजे किनाऱ्याजवळ येतो, असं पुस्तकात लिहिलेलं. सहा हिवाळे सर त्याची वाट पाहत होते. काळा कोट, पांढरं धोतर आणि ताठ चाल असलेला एकच प्राणी तटावर रोज येत होता, पण त्याची नोंद करायची कोणाची छाती नव्हती.

सरांची आणखी एक गोष्ट. ‘माहीत नाही’ हे शब्द शाळेत बंद होते. मुलगा तसं म्हणाला की बाकावर उभा. सर सांगत, “चूक उत्तर चालेल. चुकीला लाल शाई आहे. ‘माहीत नाही’ हे उत्तर नव्हे, तो पळ आहे.” हा नियम ते स्वतःही पाळत. एकदा तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी सहज विचारलं, शाळेच्या विहिरीला किती पायऱ्या आहेत? सरांनी श्वासही न घेता सांगितलं, सत्तावीस. साहेब प्रभावित होऊन गेले. दुपारी आम्ही मोजल्या, एकोणीस भरल्या. सर म्हणाले, “पाण्याखालच्या धरल्या का?” आम्ही धरल्या नव्हत्या.

असा हा गृहस्थ. क्रूर नव्हता. मुलांना मारत नसे, गरिबाघरच्या पोराला पुस्तकं देत असे, आणि इनास मास्तरांची रविवारची मिस्सा चुकू नये म्हणून, बरीच वादावादी करून का होईना, फेरी सातची साडेआठवर आणली होती. (“चर्च कुठे उडून जातंय, मास्तर? पक्षी जातात.” “सर, मिस्सा चुकली तर आई घरात घेणार नाही.” यावर सरांनी वहीतली वेळ खोडली.) पण आपल्याला दिसत नाही, आपल्याला ठाऊक नाही, असं काही या जगात असू शकतं हे त्यांना पटत नसे. आणि आम्ही सगळे त्यांच्या हो ला हो मिळवत असू. फुकट नव्हे. मला कायम करायचं की नाही हे कमिटी त्यांनाच विचारून ठरवणार होती. गावी आई आणि लग्नाची बहीण होती. मी दर रविवारी निदान एक हिमपाद पाहत असे.

तटाखाली, किनाऱ्यावर, थंडीच्या दिवसांत बोंबील वाळत पडत. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या, त्यावर जोडीजोडीने टांगलेले बोंबील, अर्धा मैल. त्या वासाने सर मफलरचं टोक नाकावर घेत. तिथे काम करणाऱ्या बायकांमध्ये रोझामावशी होती. पाचूबंदरची कोळीण, ख्रिस्ती, पन्नाशीची, नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा सांतान होडी चालवायचा. आठवड्यातून तीनदा ती वसईच्या बाजारात मासळी घेऊन बसे. मला माशांतलं काही कळत नाही हे तिने पहिल्या दिवशी ओळखलं आणि मला ‘लहान मास्तर’ असं नाव ठेवून ताजी मासळी कशी ओळखायची ते शिकवलं. घाटावरच्या माणसाला कोळणीने फसवलं नाही, हे मी गावी सांगितलं तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही.

आमची रांग तटावर दिसली की ती खालून ओरडे, “काय मास्तर, आज किती कावले मोजले?”

सर खाली बघत नसत. एकदा मात्र फसले. काही पांढरे पक्षी बोंबलांवर घिरट्या घालत होते. सर आम्हांला त्यांचं नाव सांगत होते, काहीतरी ‘शुभ्रपक्ष’ वगैरे. मावशी हातातली काठी फिरवत म्हणाली, “कुरव हायत ते. थंडी पडली का येतात, पावसाच्या आधी जातात. लय चोरटी जात.”

“कुरव!” सर आमच्याकडे वळून म्हणाले. “पाहा. जन्म समुद्रावर गेला आणि समुद्र कळला नाही.”

आम्ही हसलो. म्हणजे ड्रिलचे मास्तर हसले, मग ज्येष्ठतेप्रमाणे बाकीचे. शेवटी मी.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात, नाताळला आठ-दहा दिवस होते तेव्हा, अचानक तुफान आलं. थंडीत वसईला असं सहसा होत नाही. शनिवारी रात्रीपासून वारा, पहाटे पाऊस. किनाऱ्यावरच्या बायकांनी वाळायला घातलेला माल धावत धावत काढला, तरी निम्मा भिजला. होड्या आदल्या दिवशीच समुद्रात गेल्या होत्या. रविवारी सकाळपासून त्या एकेक करून खाडीच्या तोंडातून आत येत होत्या.

दुपारी बारा वाजता शिपाई भिजत माझ्या खोलीवर आला. चिठ्ठी होती : ‘उत्तम वादळ आहे. दोन वाजता कड्यावर.’

उत्तम वादळ! ड्रिलच्या मास्तरांना ताप आला. ड्रॉइंगच्या मास्तरांच्या घरचं छप्पर गळू लागलं. इनास मास्तर चर्चमध्ये होते, कोळीवाड्यातली माणसं सुखरूप यावीत म्हणून फादरनी प्रार्थना ठेवली होती. मला ना ताप, ना छप्पर, ना प्रार्थना. मी गेलो.

तटावर उभं राहवत नव्हतं. सरांची छत्री पहिल्याच झोताला उलटी झाली आणि त्यांनी ती तशीच, उलटी, काखेत धरली. मफलरचं टोक मागे फडफडत होतं. चेहरा मात्र नवरदेवाचा. “पाहिलंत?” ते ओरडले. “असंच लिहिलं आहे. शब्दन् शब्द!” त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लाटांवर फिरवू लागले. पाऊण तास गेला असेल. माझे दात वाजत होते. आणि मग एकाएकी सर ताठ झाले.

“काळी पाठ,” ते पुटपुटले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. “पांढरं पोट. लाटेवर बसला आहे. आला. आला हो!”

मी तिकडे पाहिलं. दूर, लाटेच्या पाठीवर, काळं-पांढरं काहीतरी वर-खाली होत होतं. नुसत्या डोळ्यांना तेवढंच दिसत होतं.

त्याच वेळी तटाच्या पायऱ्यांवरून रोझामावशी वर आली. पदर डोक्याला घट्ट बांधलेला, पाय चिखलाने भरलेले, धाप लागलेली. खाली किनाऱ्यावर सात-आठ माणसं एका होडीभोवती उभी होती, हातात दोर होते.

“मास्तर,” ती म्हणाली, “तुमच्या नलकांड्यातून बगा ना. सगल्या होड्या आल्या, माज्या सांतानची नाय आली. संगट दोन गडी हायत त्याच्या.”

सरांनी दुर्बीण काढली नाही. “थांबा, बाई.”

“थांबू कशी? पोरं खाली होडी लोटाय उभी हायत. पन तोंडाशी लाटा बगा केवड्या! म्हातारा तांडेल बोलतो, सांतान येताना दिसला तर उगा चार जिवांना पान्यात घालू नका. नाय दिसला तर लोटतो. तुमी बगून सांगा, येतो का नाय. त्याच्या शिडाला लाल ठिगल हाय, मीच लावलंय.”

इतकं साधं होतं ते. दिसतेय की नाही, एवढंच सांगायचं होतं.

सरांनी चडफडत दुर्बीण सागरशुकावरून उचलली, समुद्रावर एकदा डावीकडून उजवीकडे फिरवली. काचा पावसाने भिजलेल्या होत्या. त्या पुसायचंही त्यांना सुचलं नाही, लक्ष सगळं मागे राहिलेल्या पक्ष्याकडे.

“मना द्या एक डाव,” मावशीने हात पुढे केला. “माजी होडी मी वलखते.”

“तुम्हांला नाही दिसणार त्यातून. सवय लागते,” सर म्हणाले. दुर्बीण उत्तरेकडे कुठेतरी थांबली. मग ते म्हणाले, “दिसली. लाल ठिगळ आहे. खाडीच्या तोंडाकडे वळते आहे.”

ते खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. सहा हिवाळे ज्याने वसईच्या चिखलात विलायती पक्षी पाहिले, त्याला एक लाल ठिगळ दिसायला असा कितीसा वेळ?

मावशीने माझ्याकडे पाहिलं. “होय का ओ, लहान मास्तर?”

तेव्हा सरांनी एक गोष्ट केली जी त्यांनी कधी केली नव्हती. दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. “तुम्ही पाहा. बरोबर ना?”

मी काचा सदऱ्याने पुसल्या आणि पाहिलं. मग म्हणालो, “हो. येतेय.”

मावशीने क्रूसाची खूण केली, दोघांना हात जोडले, आणि पायऱ्यांवरून जवळजवळ घसरत खाली गेली. वरून आम्हांला दिसत होतं. तिने हात हलवून काही सांगितलं, माणसं थोडा वेळ बोलली, आणि मग त्यांनी दोर गुंडाळले आणि होडी पुन्हा वर वाळूवर ओढली. सरांनी दुर्बीण माझ्या हातातून घेऊन परत काळ्या-पांढऱ्या ठिपक्यावर लावली. तो आता बराच जवळ आला होता. त्यांनी कोटाखाली धरून नोंदवही उघडली आणि लिहिलं. मला दाखवलंही. ‘सागरशुक, एक. वादळ. कड्यावरून.’ डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, पावसाचं नव्हे. मी अभिनंदन केलं.

संध्याकाळपर्यंत सांतानची होडी आली नाही. सोमवारी पहाटे वारा पडला तेव्हा तीन होड्या शोधायला बाहेर पडल्या. दुपारी अर्नाळ्याच्या बाजूला ती सापडली, उलटी झालेली, आणि तिघं तिला धरून. जिवंत होते. आदल्या दुपारी ती उलटली होती, आम्ही तटावर असताना. सांतानचा उजवा हात होडीची कड आणि दोर यांत रात्रभर आवळून राहिला होता. मुंबईच्या इस्पितळात त्याची दोन बोटं काढावी लागली.

ही बातमी शाळेत आली तेव्हा सर वर्गावर होते. त्यांनी तास पुरा केला. मग मला म्हणाले, “चला,” आणि आम्ही किनाऱ्यावर गेलो. वाळूवर बरंच काही येऊन पडलं होतं, माडांच्या झावळ्या, तुटके बांबू, जाळ्यांचे गुंडे. एक म्हातारा त्यांतून कामाचं वेगळं काढत होता. त्याच्या ढिगात हातभर लांबीचा एक लाकडी ओंडका होता. वरची बाजू डांबराने काळी, खालची चुन्याने पांढरी.

सर त्या ओंडक्यासमोर येऊन थांबले. मग त्यांनी विचारलं, “हे काय?”

“बोया,” म्हातारा म्हणाला. “डोल तरंगती ऱ्हायला लावतात, मास्तर, डोलीचं जालं. ह्यो सांतानचा. काला-पांढरा त्याचाच असतो. दर घराचा रंग येगला. जालं तुटलं असंल तवा सुटून आला.”

“लांबून ओळखू येतो?”

“न यायला काय झालं? कोलणीचं पोर पन वलखील.”

वाकून सरांनी तो ओंडका हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि जिथे होता तिथे नीट ठेवला. त्या आठवड्यात सूचनांची वही फिरली नाही. इनास मास्तरांनी मला विचारलं, “रविवारी फेरी नाही?” मी म्हटलं, बहुतेक नाही. ते म्हणाले, देव पावला. त्यांना तटावर काय झालं ते ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी सर स्वतः माझ्या खोलीवर आले. मफलर नव्हता, दुर्बीण नव्हती. ऐन थंडीत हनुवटी पहिल्यांदाच दिसली, लहानशी होती. “मासळीबाजारात जायचं आहे,” म्हणाले. “मला वाट माहीत नाही.”

वीस वर्षं वसईत राहून या माणसाला मासळीबाजाराची वाट ठाऊक नव्हती, आणि तो बाजार शाळेपासून चालत पाच मिनिटांवर. नाताळच्या आधीचा रविवार, गर्दी ही एवढी. मिस्सा सुटून माणसं सरळ तिथेच आलेली. ब्राह्मण हेडमास्तर धोतराचा सोगा हातात धरून माशांच्या पाण्यातून चालताना पाहून बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. कोणी तरी ओरडलं, “मास्तर, पापलेट देऊ का कुरव?” हशा झाला. सर चालत राहिले.

रोझामावशी पाट्यापुढे बसली होती. समोर एक बाई सुरमई कापून घेत होती. सर तिथे जाऊन उभे राहिले, आणि वर्गात बोलतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, कारण दुसऱ्या तऱ्हेने त्यांना बोलता येत नव्हतं.

“बाई, त्या दिवशी मला तुमची होडी दिसली नव्हती. दिसली असं मी सांगितलं. मी पक्षी बघत होतो. तो पक्षीही नव्हता, तुमच्या मुलाचा बोया होता.”

मावशीचा कोयता थांबला नाही. तिने तुकडा पुरा कापला, बाजूला सारला, मग वर पाहिलं.

“नव्हती दिसली तर तसं बोलायचं ना, मास्तर. ‘नाय दिसत’ बोलले असते तर पोरांनी होडी लोटली असती. मी काय तुमच्याकडं होडी मागाय आलती? होय का नाय, येवडंच इचारलं मी.”

“हो.”

“उजवा हात हाय त्याचा. डोल आता कुटच्या हातानं वढायची त्यानं?”

सर म्हणाले, “मला माहीत नाही.”

“मना पन नाय माहीत,” मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “आता बाजूला व्हा. गिऱ्हाईक खोलंबलंय.”

सर बाजूला झाले. तिने माफ केलं नाही, आणि मला वाटतं तशी अपेक्षा त्यांनीही केली नव्हती. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी मागे उभा होतो, मी दुर्बीण धरली होती, मी ‘येतेय’ म्हणालो होतो, यातलं काहीही ते बोलले नाहीत. माझा हिशेब त्यांनी माझ्यावर सोडला होता.

सुरमईवाली बाई निघून गेली. मावशीने पाट्यावर पाणी ओतलं आणि मग तिची नजर माझ्यावर आली.

“लहान मास्तर, तुमी पन बगितलं व्हतं ना त्याच्यातून?”

सगळा बाजार माझ्याकडे बघत होता. सर जमिनीकडे बघत होते.

मी म्हणालो, “मावशी, मला ती दुर्बीण नीट लावताच आली नाही. पहिल्यांदाच हातात घेतली होती.”

तिने मान हलवली. पोरसवदा मास्तर, घाटावरचा, याला कुठली दुर्बीण लावता येणार, अशा अर्थाने. तिने मला माफ करून टाकलं आणि दोन बोंबील फुकट दिले. सर त्यावर काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मार्चमध्ये मला कायम केल्याचं पत्र आलं. शिफारस त्यांचीच होती.

दुर्बीण मला चांगली लागली होती. काचा मी पुसल्या होत्या. त्या बाजूला पाण्यावर होडी नव्हती.